सलामीतला चढ

आप्पांबद्दल लोक अजून चांगलंच बोलतात. काय फुंक होती, काय रुबाब होता, असा सनईवाला पुन्हा व्हायचा नाही, म्हणतात. मी ऐकून घेते, चहा देते, आणि मनात म्हणते, तुमचं काय जातं बोलायला, तुम्हाला त्यांनी फसवलं नव्हतं. आप्पा म्हणजे माझे वडील. इतकी वर्षं झाली, राग तसाच आहे, पण तोंडातून अहो-जाहो काही सुटत नाही. त्याचाही मला रागच येतो.

आमचं घराणं दरबारी. सोलापूरच्या दक्षिणेला, कानडी मुलूख सुरू होतो त्या बाजूला एक लहानसं संस्थान होतं. तिथल्या नगारखान्यात सात पिढ्या आमच्या घरातल्या थोरल्या मुलाने सनई वाजवली. बाप थकला की पोरगा त्याच जागेवर जाऊन बसायचा. त्याला सूर लागतो की नाही हे विचारायची पद्धत नव्हती. बापाला लागत होता म्हणजे पोराला लागणारच, असा हिशेब. या नेमणुकीची सनद पत्र्याच्या नळकांड्यात ठेवलेली असायची. ती मोडीत होती आणि आप्पांना मोडी वाचता येत नव्हती, पण दसऱ्याला ते तिला हळदकुंकू वाहायचे आणि आम्हा सगळ्यांना तिच्या पाया पडायला लावायचे.

घराण्याचं खरं धन म्हणजे सलामी. पाच-सात मिनिटांची एक धून. दसऱ्याच्या दरबारात राजा गादीवर बसताना ती वाजायची, आणि घराण्यातला वाजवणारा मेला की त्याला उचलायच्या आधी त्याच्या वारसाने दारात एकदा वाजवायची. एरवी कधीच नाही. लग्नात नाही, देवळात नाही. बापाने ती थोरल्या मुलाला द्यायची, दुसऱ्या कुणाला नाही. आप्पांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "झाकली मूठ सव्वा लाखाची." आणि हे म्हणताना ते खरोखर मूठ झाकून दाखवायचे.

संस्थान माझ्या जन्माआधीच विलीन झालं होतं. तरी राजेसाहेब दरबाराचा थाट जमेल तसा चालवत होते. मग सरकारने राजांचे तनखे बंद केले आणि महिन्याभरात नगारखाना बंद झाला. राजेसाहेबांनी आप्पांना बोलावलंसुद्धा नाही. वाड्यावरचा गडी एक नारळ आणि एक धोतरजोडी घेऊन दारात आला आणि म्हणाला, "उद्यापासनं येऊ नका म्हणून सांगितलंय." सात पिढ्यांची बोळवण एका नारळावर. माझा पहिला राग तो. मी दहा वर्षांची होते आणि तो नारळ गड्याच्या पाठीत घालावा असं मला वाटलं होतं. आप्पांनी मात्र तो कपाळाला लावून घेतला.

आम्ही सोलापुरात आलो. भवानी पेठेत दोन खोल्या, दोन्ही बाजूंना तेलुगू विणकरांची घरं, दिवसभर मागांची खटखट. आप्पा लग्नात वाजवायला जायला लागले. नवी पेठेतल्या कापडवाल्यांच्या लग्नात मांडवाच्या दाराशी बसवायचे त्यांना, चपलांच्या ढिगाशेजारी. कुणीतरी नवरदेवाचा मित्र येऊन सिनेमातलं गाणं वाजवा म्हणायचा. आप्पा ऐकलंच नाही असं दाखवायचे आणि आपला तोडी पुढे चालवायचे. घरी आल्यावर भाकरीचा तुकडा मोडत म्हणायचे, "त्येंना काय कळतंय. आमी राजाम्होरं वाजवलेली मानसं." सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, ते हे. आई, जिला आम्ही अव्वा म्हणायचो, ती आणखी एक भाकरी टाकायची.

माझा भाऊ माझ्यापेक्षा दोन वर्षांनी धाकटा. घरात एकुलता मुलगा, म्हणून तोच थोरला आणि तोच वारस. आप्पा रोज सकाळी त्याला शिकवायला बसायचे. त्या वेळी एकाने मागे एकसारखा एकच सूर धरून ठेवावा लागतो. त्यासाठी वेगळी सनई असते. घरात दुसरं कोण होतं? मला बसवलं. गाल फुगवून तासभर तोच एक सूर. मधे श्वास तुटता कामा नये. नाकाने श्वास घेत घेत तोंडाने फुंक चालू ठेवायची ही विद्या मला कुणी शिकवली नाही, ती गरजेने आली. सनईच्या तोंडाशी बसवून फुंकायच्या पत्त्याही मीच कापून, भिजवून, दोऱ्याने बांधून तयार करायची. भाऊ गरीब पोरगा होता, त्याच्यावर माझा राग नाही. त्याचं सगळं लक्ष शेजारच्या मागाकडे असायचं. कुठला दात झिजलाय, कुठला पट्टा सैल झालाय, ते तो नुसत्या आवाजावरून सांगायचा. सनईचा सूर मात्र त्याला कधी लागला नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण आप्पा पोहरा सोडतच राहिले.

एके दुपारी घरात कुणी नाही असं समजून मी भावाच्या सनईवर सकाळचा धडा वाजवत होते. मान वर केली तर दारात आप्पा. मला वाटलं, आता पाठ सोलून निघणार. ते आत आले, बसले, म्हणाले, "म्होरं वाजीव." मी वाजवलं. आप्पांनी डोळे मिटून ऐकलं आणि उठून गेले. चौथ्या दिवशी सकाळी अव्वाने मला न्हाऊ घातलं, नवं परकर-पोलकं घातलं, आणि आप्पांनी मला समोर बसवून सलामी शिकवायला सुरुवात केली.

त्या आठवड्याइतकी मी आयुष्यात कधीच खूश नव्हते. स्वतःच्या लग्नातसुद्धा नव्हते, हे माझ्या नवऱ्यालाही माहीत आहे. सात पिढ्यांत पहिल्यांदा मुलीला सलामी मिळत होती. आठव्या दिवशी मी ती सलग वाजवली, अव्वाने गूळ वाटला आणि मी आप्पांच्या पाया पडले. पाया पडून उठताना मी एक प्रश्न विचारला. फार लहान असताना एका दसऱ्याला मी अव्वाच्या कडेवरून, वाड्याच्या भिंतीबाहेरून सलामी ऐकली होती. तिच्यात मधे कुठेतरी सूर एकदम वर चढत जायचा आणि माझ्या अंगावर काटा आला होता, एवढंच आठवत होतं. म्हणून विचारलं, "आप्पा, मधी एक चढ हुता की. त्यो कुटं गेला?"

"कसला चढ?"

"वर वर जायाचा."

आप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "ल्हान हुतीस. कानाचा खेळ असतो पोरी. सलामी ही एवढीच."

माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले. मी मान हलवली आणि तो चढ मनातून काढून टाकला. पुन्हा आठवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. आज मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो, तर याचा. माझा कान खरा होता. बाप म्हणाला म्हणून मी तो खोटा ठरवला.

नंतर एक परदेशी पाहुणा आला. मी तेव्हा मॅट्रिकला होते. सात रस्त्याजवळ राहणारे कॉलेजातले एक प्राध्यापक त्याला घेऊन आले. फ्रान्समधला माणूस, फुंकून वाजवायच्या वाद्यांचा अभ्यास करत हिंडत होता, खांद्याला टेपरेकॉर्डर. आमच्या खोलीत सतरंजीवर मांडी घालायला त्याला पाच मिनिटं लागली. आप्पांनी सनद दाखवली. त्याने ती हातात न घेता वाकून पाहिली, हे आप्पांना फार आवडलं.

मग त्याने आपल्या देशाची गोष्ट सांगितली. प्राध्यापक मराठीत सांगत होते. फ्रान्सच्या राजाच्या दरबारात असंच एक घराणं होतं. सनईच्या जातीचीच वाद्यं वाजवणारं, पिढ्यान् पिढ्या. बापाची जागा मुलाला, मुलाची त्याच्या मुलाला. राजाने खूश होऊन त्यांना नावसुद्धा दिलं म्हणतात, आणि तेच पुढे घराण्याचं नाव झालं. त्यांच्यातल्या एकाने राजाकडे वाजणारं संगीत जन्मभर बसून आपल्या हाताने उतरवून ठेवलं. लग्नाचं, लढाईचं, शिकारीचं, राजाच्या जेवणाचंसुद्धा. पुढे लोकांनी राजाच काढून टाकला. गादी गेली, दरबार गेला, सगळ्यांच्या जागा गेल्या. वह्या मात्र राहिल्या. पाहुणा म्हणाला, त्या वह्यांतली पानं मी स्वतः वाचली आहेत, आणि आजही ते संगीत वाजतं.

आप्पांनी यातलं आपल्याला हवं तेवढंच घेतलं. "बगा, फ्रान्सच्या राजाकडंबी आमच्यावानीच," म्हणाले. वह्यांबद्दल ब्र नाही.

मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. न राहवून प्राध्यापकांना म्हटलं, "सर, त्यांच्यात पोरी वाजवत होत्या का, विचारा की." पाहुणा माझ्याकडे बघून बोलला. या घराण्याचं त्याला नक्की माहीत नव्हतं, पण तशाच दुसऱ्या एका दरबारी घराण्यात बापानंतर त्याची मुलगी राजाच्या दरबारात त्याच्या जागेवर वाजवत होती. मी आप्पांकडे पाहिलं. ते पत्ती ओली करत होते. म्हणाले, "तिकडलं तिकडं."

पाहुण्याने सलामी मागितली. आप्पा नाही म्हणतील अशी माझी खात्री होती. ते हो म्हणाले. शेजारच्यांना माग थांबवायची विनंती केली, त्यांनीही थांबवले, आणि आप्पांनी सलामी वाजवली. मी मागे एक सूर धरायला बसले होते. आप्पांची सलामी आणि माझी सलामी तंतोतंत एक. मला केवढा आनंद झाला. मला मिळालंय ते अस्सल आहे, आता तर ते टेपवरही गेलं, असं वाटलं. पाहुणा गेल्यावर मी आप्पांना म्हटलं, आपणही लिहून ठेवू या का, मी शिकून घेते कसं लिहायचं ते. ते म्हणाले, "लिवून ठिवलं म्हंजे बाजारात मांडलं."

पुढे माझं लग्न झालं. परक्याचं धन दहा मिनिटांच्या अंतरावर गेलं, कारण नवरा मिलमधला आणि घर त्याच पेठेत. भाऊ यंत्रमाग दुरुस्त करायला लागला आणि त्यात त्याने नाव काढलं. सनई खुंटीला. आणि एका सकाळी आप्पांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, तोंड वाकडं झालं, वाचा गेली. ज्या फुंकीचं सगळे कौतुक करायचे, त्या फुंकीने दिवा विझला नसता.

मी रोज जायला लागले. दुपारी अव्वा जरा पडायची, तेव्हा मी आप्पांच्या खाटेशी बसून वाजवायची. तोडी वाजवला की त्यांचा डावा हात पांघरुणावर हलायचा. सलामी वाजवली की ते भिंतीकडे तोंड करायचे. दर वेळी. मला वाटायचं, राजा आठवतो, दरबार आठवतो, म्हणून वाईट वाटतं. मी बिचारी डोळे पुसायची.

एका सुट्टीच्या दिवशी भाऊ घरी होता. कोपऱ्यात बसून मागाचा कसला तरी भाग घासत होता. मी सलामी संपवली तसा तो सहज म्हणाला, "अक्का, तुज्यात त्यो चढ न्हाय."

माझ्या हातातली सनई तशीच राहिली. "कसला चढ?"

"मधी हाय की एक. वर वर जायाचा." मग त्याच्या लक्षात आलं असावं. त्याने कानस खाली ठेवली. "मला वाटलं तुला ठावं असंल. आप्पा मला सायकलीवरनं लांब रानात न्हेऊन शिकवायचे. म्हनले हुते, अक्काला दिलीया ती पोकळ हाय. घरातल्या दुसऱ्या कुनी मागितली तर न्हाय म्हनायचं न्हाय, चढ काढून द्यायाची. आपल्यात तसंच हाय म्हनले. त्या फ्रान्सवाल्यालाबी तीच दिली."

"मला वाजवून दाखव."

तो पायाकडे बघायला लागला. "लई दिवस झाले गं. तवाबी नीट येत नव्हता. आता काय आटवत न्हाय."

मी ओरडले नाही. ओरडायला हवं होतं. मी खाटेकडे वळले. आप्पांना सगळं ऐकू गेलं होतं, त्यांच्या डोळ्यांवरून कळत होतं. मी म्हटलं, "आप्पा, खरं हाय का?" त्यांनी डोळे मिटले. मग मी सनई त्यांच्या छातीवर ठेवली. चढ म्हणजे वरचे सूर, वरचे सूर म्हणजे वरची भोकं, आणि वरच्या भोकांवर डावा हात असतो. डावा हात शाबूत होता. मी म्हटलं, "तुमी नुस्ती बोटं ठिवा. फुंक मी घालते. जाऊ द्या झालं ते. निदान आता तरी द्या, न्हाईतर सात पिढ्यांचं तुमच्यासंगं जळून जाईल."

आप्पांनी डोळे उघडले. डावा हात उचलला. सनईच्या वरच्या भोकांवर बोटं ठेवली, नीट, एक एक करून. मी वाकले, पत्ती तोंडात धरणार एवढ्यात त्यांनी मान हलवली. नाही. आणि डोळ्यांनी कोपऱ्याकडे खूण केली. भावाकडे.

भाऊ आला बिचारा. वाकला, पत्ती तोंडात धरली, फुंकली. एक चिरका आवाज निघाला. आप्पांची बोटं हलली, एक उठलं, दुसरं उठलं, पण भावाची फुंक कधी लागायची, कधी तुटायची. त्यातून चढ ओळखणं शक्य नव्हतं. तिसऱ्यांदा त्याने इतक्या जोराने दात दाबले की पत्ती चिरली. मीच केलेली पत्ती. तो मागे सरला आणि म्हणाला, "आप्पा, अक्काला घालू द्या की फुंक. मला न्हाय जमत."

मी दुसरी पत्ती बसवली. तोंडात धरली. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, बोटं सनईवरून उचलली आणि मूठ मिटली. मी ती मूठ उघडायचा प्रयत्न केला. हो, केला. आजारी बापाची बोटं मी ओढली. अव्वा जागी झाली आणि मला धरून बाजूला केलं. एवढा जोर त्या हातात शिल्लक होता आणि तो सगळा त्यांनी माझ्यापासून झाकायला वापरला.

त्यानंतर दोन महिन्यांनी आप्पा गेले. सकाळीच गेले. गावाकडून भाऊबंद आले. त्यांत आप्पांचे एक चुलतभाऊ होते, दरबारात आयुष्यभर आप्पांच्या बाजूला बसून चौघडा वाजवलेले. सगळी तयारी झाली, भावाच्या हातात मडकं दिलं, तसे ते काका म्हणाले, "सलामीबिगर उचलता येत न्हाय. वारसानं वाजवायची." भावाने मडकं हातात धरूनच सांगितलं, "अक्का वाजवील." थोडी कुजबुज झाली. बाईमाणूस कसं, वगैरे. पण दुसरं कुणी नव्हतंच.

मी दारात उभी राहिले. गल्लीतल्यांनी माग थांबवले होते. त्या दोन महिन्यांत माझ्या मनात एक चढ तयार झाला होता. लहानपणीचा आठवून आठवून, थोडा खरा, थोडा माझा. तो मी घातला असता तर वाईट दिसला नसता. सलामी वाजवत मी त्या जागेपर्यंत आले, आणि खाली पाहिलं. आप्पांचा डावा हात पांढऱ्या कापडाखाली होता. मी चढ घातला नाही. जेवढं दिलं होतंत तेवढंच वाजवलं, आप्पा. पोकळ दिलीत, पोकळ घेऊन जा. शेवटच्या सुरापर्यंत फुंक तुटू दिली नाही.

सनई खाली घेतली तर चौघडेवाले काका धोतराच्या सोग्याने डोळे पुसत होते. माझ्याजवळ आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "शाबास पोरी. अगदी दरबारातल्यावानी. एक सूर हिकडचा तिकडं न्हाय."

वीस-पंचवीस वर्षं तो माणूस खऱ्या सलामीशेजारी बसला होता. चढ गेला हे त्याला कळलं नाही. कुणालाच कळलं नाही. भावाने माझ्याकडे पाहिलं आणि मडकं घेऊन पायऱ्या उतरला.